आतली भिंत

त्यांना सगळे कापूसवाले म्हणायचे, आणि कापसाशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. ते ग्लासवूल भरायचे. काचेची लोकर. लांबून बघितली तर वाटावं गादीत भरायला आणलीय, आणि हात लावला की बसा दोन दिवस खाजवत. लोकांच्या छतात, भिंतीत, पत्र्याखाली ही लोकर भरायची आणि ऊन-थंडी बाहेरच्या बाहेर अडवायची, हा त्यांचा धंदा. एकतीस वर्षं केला. डॉक्टरांच्या बंगल्यांत केला, शाळांत केला, माणसांपेक्षा यंत्रांनाच जास्त गारवा लागतो अशा ऑफिसांतही केला. आणि स्वतः राहिले कुठे? भाड्याच्या दोन खोल्यांत, उघड्या पत्र्याखाली. आता यावर हसायचं की रडायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. त्यांची बायको हसायची.

"अहो, सगळ्या जगाच्या डोक्यावर पांघरूण घालता," ती दर उन्हाळ्यात म्हणायची, "आमच्या डोक्याचं कधी?"

"घर आपलं होऊ दे. मग बघ."

"मी असेन ना बघायला?"

"तू नाही तर कोण?"

ती नव्हती. घर आपलं व्हायच्या चार वर्षं आधी ती गेली, त्याच पत्र्याखाली, भर दुपारी. कापूसवाले मालाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून तिला वारा घालत होते. ती गेल्यावरही थोडा वेळ घालतच होते.

धंद्याने त्यांना दोन गोष्टी दिल्या. एक डोळा. कुठल्याही खोलीत पाऊल टाकलं की ऊन कुठून घुसतंय ते त्यांना दिसायचं, जसं तुम्हाआम्हाला उघडं दार दिसतं. आणि दुसरा खोकला. लोकर कापली की धूळ उडणार. नाकातोंडाला रुमाल बांधायचा खरा, पण तो घामाने भिजून अर्ध्या तासात गळ्यात येतो आणि मग गळ्यातच राहतो. मास्क नावाची वस्तू ठेकेदाराने पहिल्यांदा दिली ती त्यांच्या पंचविसाव्या वर्षी, म्हणजे नोकरीच्या. तोवर छातीत जे जायचं ते जाऊन बसलं होतं.

त्या खोकल्याची बायकोला खडान्‌खडा माहिती होती. आखूड, कोरडा आला तर पाणी. लांबला तर पाठ चोळायची. आणि खोकला मध्येच तुटून शांत झाला, तर हातातलं टाकून धावायचं. स्वयंपाकघरात भांड्यांचा कितीही आवाज असो, तिचा एक कान इकडे असायचाच. "माझा अर्धा संसार तुमच्या छातीचं ऐकण्यात गेला," असं ती म्हणायची आणि पुन्हा हसायची. फार हसायची ती बाई.

तर ते असो. पोरगा शिकला, नोकरीला लागला, लग्न झालं, आणि शहराच्या कडेला त्याने घर बांधायला काढलं. खाली हॉल आणि स्वयंपाकघर, वर शेजारी शेजारी दोन खोल्या. पश्चिमेची बाबांची आणि तिला लागून पोरगा, सून आणि तान्ही छकुली यांची. तोवर सगळे एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये दाटीवाटीने राहत होते. तिथे एका सकाळी कापूसवाल्यांना अशी उबळ आली की श्वास आत घेता येईना. पोरगा तोंडात ब्रश तसाच ठेवून पलीकडच्या खोलीतून धावत आला, औषधाचा पंप तोंडाला लावला, पाठीवर थापट्या मारल्या, म्हणून निभावलं. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, "यांना हाकेच्या अंतरावर कोणीतरी पाहिजे. दारं लावून झोपायचं नाही. खोकला ऐकू आलाच पाहिजे." पोरग्याने मान हलवली. चांगली दोनदा हलवली.

स्लॅब पडल्यावर एका रविवारी पोरगा म्हणाला, "बाबा, इन्सुलेशन काय घालायचं ते तुम्हीच ठरवा. तुमच्यासमोर आम्ही काय बोलणार?"

अहो, माणूस दहा वर्षांनी तरुण झाला! दुसऱ्या दिवशी सकाळीच पिशवी घेऊन बाहेर. ओळखीच्या दुकानात गेले, तिथल्या मालकाचं डोकं खाल्लं, आणि पिशवीभर तुकडे घेऊन आले. थर्माकोल, फोम, ग्लासवूल आणि रॉकवूल, म्हणजे दगडाची लोकर. मग गॅलरीतल्या उन्हात त्यांनी स्वयंपाकघरातले चार डबे मांडले. तीन डब्यांना थर्माकोल, फोम आणि ग्लासवूल गुंडाळलं, एक तसाच उघडा ठेवला, आणि प्रत्येकात बर्फाचे चार चार खडे टाकले. सून म्हणाली, "बाबा, माझे डबे!" ते म्हणाले, "डबे धुऊन देतो, तू गंमत बघ." दोन तासांनी झाकणं काढली. उघड्या डब्यात नुसतं पाणी. फोमच्या डब्यात खडे जवळजवळ जसेच्या तसे.

"बघितलंस?" कापूसवाले म्हणाले. "स्लॅबवर फोम. पश्चिमेच्या भिंतीला आतून ग्लासवूल. थर्माकोलचं नाव काढू नका, पेटलं तर विझायचं नाही. अशी खोली होईल की उन्हाळा बाहेर बोंबलत बसेल." बायकोला दिलेला शब्द चार वर्षं उशिरा का होईना पाळता येणार, या विचाराने त्यांचा आवाज थोडा कापला. पण सुनेचं लक्ष टेबलावरच्या चौथ्या तुकड्याकडे होतं.

"आणि बाबा, आवाजाला यातलं कुठलं चांगलं?"

"आवाजाला?"

"म्हणजे समजा, आवाज अडवायचा असला तर."

कापूसवाल्यांना वाटलं, नव्या घरासमोरून ट्रक जातात, त्याची काळजी असणार. त्यांनी रॉकवूलचा तुकडा उचलून तिच्या हातात दिला. "वजन बघ. ऊन हलक्याने अडतं पोरी, आवाज जडाने अडतो. पण नुसता माल भरून भागत नाही. भिंतीच्या दोन चौकटी करायच्या, एकमेकींना न टेकणाऱ्या. टेकल्या की आवाज त्यांच्यातून चालत पलीकडे जातो. दोन्ही बाजूंना जिप्सम बोर्डाचे दोन दोन थर. दाराला रबराची पट्टी. आणि विजेच्या बटणांचे डबे पाठीला पाठ लावून कधी बसवायचे नाहीत, सगळे तिथेच फसतात. अशी भिंत केलीस ना, तर पलीकडे बँड वाजवला तरी अलीकडे झोप लागेल."

सून मोबाइलवर सगळं टिपून घेत होती. कापूसवाल्यांची छाती फुगली. एकतीस वर्षांत त्यांचं बोलणं कोणी असं टिपून घेतलं नव्हतं. खुद्द ठेकेदाराने घेतलं नव्हतं. मोठ्या हौसेने त्यांनी तिला चौकटीचं चित्रसुद्धा काढून दिलं. हाय रे देवा, चित्रसुद्धा!

पंधरा दिवसांनी माल आला. कापूसवाले डबा घेऊन, अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवून साइटवर हजर. वरच्या मजल्यावर गेले आणि बघतात तर फोम नाही, ग्लासवूल नाही. नुसते रॉकवूलचे गठ्ठे. त्यांनी नजरेनेच अंदाज घेतला. एका भिंतीचा माल होता. त्यांच्या खोलीत सुतार काम करत होता. हा सुतार त्यांच्याबरोबर वीस वर्षं कामं केलेला, तोंडाने फाटका पण हाताने सरळ. तो त्यांच्या आणि पोरग्याच्या खोलीच्या मधल्या भिंतीला चौकट ठोकत होता. एक नाही, दोन. एकमेकींना न टेकणाऱ्या.

"अरे, डोकं फिरलं का तुझं?" कापूसवाले म्हणाले. "ही आतली भिंत आहे. माल तिकडे भरायचाय, पश्चिमेला."

सुतार खिळे तोंडात धरून बसला. खरं तर हल्ली तो स्क्रूच मारायचा, पण बोलायचं नसलं की तोंडात काहीतरी धरायची त्याची सवय.

"मला सांगितलं ते करतोय," तो शेवटी म्हणाला.

"चुकीचं सांगितलंय. थांब, पोरग्याला बोलावतो. त्याला यातलं काय कळतंय, लहानपणी एकदा पत्र्यावर ओलं पोतं टाकून आला होता, म्हणे घर गार होईल."

पोरगा दुपारच्या सुट्टीत आला. येतानाच तोंड उतरलेलं. कापूसवाल्यांनी त्याचा हात धरून पश्चिमेच्या भिंतीवर ठेवला. "भाजतंय की नाही? ऊन इथून येतं. आणि वरून येतं. मधल्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना आपलंच घर. तिथून ऊन येईल कसं? तुमच्या खोलीत सूर्य उगवणार आहे का?"

"बाबा, उन्हाचं पुढच्या वर्षी बघू. आत्ता आहे त्या पैशांत एकच काम होण्यासारखं आहे. आधी ही भिंत करू."

"अरे पण ही कशासाठी?"

कापूसवाल्यांची नजर पोरग्यावरून भिंतीकडे गेली. तो धंद्याचा डोळा, तो काही थोडाच मिटतो! बटणांचा डबा कालपर्यंत मधोमध होता, तो हातभर बाजूला सरकवलेला. दाराशी रबराच्या पट्टीची गुंडाळी. कोपऱ्यात बोर्ड रचलेले, दोन्ही बाजूंना दोन दोन थर होतील इतके. आणि भिंतीवर चिकटवलेल्या कागदावर चौकटीचं चित्र. त्यांनी स्वतःच्या हाताने काढलेलं.

ते रॉकवूलच्या गठ्ठ्यावरच बसले.

"माझा खोकला," ते म्हणाले.

"बाबा, छकुली दर अर्ध्या तासाला दचकून उठते. आठ महिने झाले आम्ही झोपलो नाही. हिला परत कामावर जायचंय. परवा मी सिग्नलला गाडीत झोपलो, मागच्यांनी हॉर्न मारून उठवलं. काय करू सांगा ना."

"मला सांगायचं."

"काय सांगू? खोकू नका म्हणू?"

"भिंत पाहिजे म्हणायचं. मी बांधून दिली असती."

"तुम्हाला काय वाटलं असतं?"

"आणि आत्ता काय वाटतंय, बरं वाटतंय?" कापूसवाल्यांचा आवाज चढला, आणि चढला तशी उबळ आली. ती ओसरेपर्यंत पोरगा अवघडून उभा होता. सुताराने पाणी आणून दिलं. "माझ्याचकडून माल निवडून घेतलात. माझ्याचकडून चित्र काढून घेतलंत. आणि मी मूर्ख, छाती फुगवून सांगतोय, असं करा नि तसं करा! ताकास तूर लागू दिली नाहीत रे. डॉक्टर काय म्हणाले ते आठवतंय का?"

"बेल लावतोय ना, बाबा. तुमच्या उशाशी बटण. दाबलं की आमच्याकडे वाजेल."

"बेल," कापूसवाले म्हणाले. "उबळ येते तेव्हा माझे दोन्ही हात छातीवर असतात. बटण काय नाकाने दाबू?"

पोरगा वाईट नव्हता हो. वाईट असता तर बरं झालं असतं, चार शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. डोळ्यांखाली काळं, दाढी वाढलेली, शर्टाच्या खांद्यावर बाळाच्या दुधाचा डाग. घड्याळ बघून तो म्हणाला, "जातो मी, सुट्टी संपली," आणि गेला.

सुताराने दोन कप चहा मागवला. अर्धा कप होईपर्यंत गप्प बसला, हे त्याच्या दृष्टीने फार झालं.

"कापूसवाले, ऐका माझं. वरच्या कोपऱ्यात, बोर्डाच्या मागे बोटभर फट सोडतो. कोणाच्या बापाला दिसायची नाही. तुमचा आवाज जाईल पलीकडे."

कापूसवाल्यांनी वर कोपऱ्याकडे बघितलं. खोटं कशाला सांगा, त्यांना मोह झाला. बोटभर फट. त्यातून काय जातं ते त्यांच्यापेक्षा जास्त कोणाला ठाऊक? लोकांच्या घरात असल्या फटी शोधून बुजवण्यात तर जन्म गेला. तेवढी एक राहिली तर उबळ तुटल्याचं कोणाला तरी कळेल. कोणीतरी तोंडात ब्रश घेऊन धावेल.

"आणि छकुली उठली तर?"

"उठू दे की. नातच आहे तुमची."

"ती उठली की पोरगा उठेल."

"तेच तर पाहिजे ना तुम्हाला!"

"तो तिच्यासाठी उठेल रे. मला मनातल्या मनात शिव्या देत उठेल." त्यांनी कप खाली ठेवला. "त्यांना मला ऐकायचं नाहीये. मग मी चोरून कशाला ऐकवू? आणि दुसरं सांगतो. एकतीस वर्षांत परक्यांच्या घरात फट सोडली नाही. घरच्या भिंतीत सोडू? उद्या कोणी बोर्ड काढला तर म्हणेल, म्हाताऱ्याला काम येत नव्हतं."

"मरा मग," सुतार म्हणाला, आणि तोंड फिरवून डोळे पुसायला लागला. भुसा गेला म्हणे डोळ्यात.

"तू चौकट ठोक. भरणार मी."

तीन दिवस ते भरत होते. बाह्यांना मनगटापाशी चिकटपट्टी, तोंडाला मास्क, हातात लांब सुरी. रॉकवूलचा तुकडा मापापेक्षा जरासा रुंद कापायचा, म्हणजे तो चौकटीत आपला आपण घट्ट बसतो. पण दाबून कोंबायचा नाही. पोरग्याला शिकवायचं राहून गेलेलं सगळं ते मोठ्याने भिंतीला सांगत होते आणि सुतार हं हं करत होता. धूळ छातीत जायची, खोकला यायचा, ते जिना उतरून खाली जायचे, खोकून यायचे आणि पुन्हा सुरी उचलायचे. शेवटच्या दिवशी दिवा लावून त्यांनी एकेक सांधा तपासला, जिथे नखाएवढं पोकळ दिसलं तिथे कातरण भरली, मग सुताराला म्हणाले, "लाव बोर्ड." वरच्या कोपऱ्यात तर त्यांनी दोनदा हात घातला. सुतारावर त्यांचा विश्वास होता, पण त्याच्या मायेवर नव्हता.

चौथ्या दिवशी संध्याकाळी पाचला पोरगा कामावरून परस्पर आला. ऊन समोरून खोलीत घुसलं होतं. पश्चिमेची भिंत ताप आलेल्या कपाळासारखी लागत होती. सुतार खाली हत्यारं आवरत होता.

"जा तुझ्या खोलीत," कापूसवाले म्हणाले. "दोन्ही दारं लाव. मी बोलतो, तू कान लावून ऐक. काय ऐकू येतं ते येऊन सांग."

"राहू द्या ना बाबा. चांगलीच झाली असणार."

"काम झाल्यावर तपासून द्यायचं असतं. जा."

पोरगा गेला. दार लागलं. कापूसवाले भिंतीसमोर उभे राहिले. आधी त्यांनी खरंच एक, दोन, तीन म्हटलं. मग आवाज चढवला.

"ऐकू येतंय का रे? तुझ्या आईला येत होतं! भांडी घासताना येत होतं. तिला कधी सांगावं लागलं नाही. तू लहान होतास तेव्हा तुझी छाती वाजायची, तर कामावरून येऊन मी तुला रात्र रात्र खांद्यावर घेऊन फिरायचो, आणि एकदाही भिंत मागितली नाही मी! मला भीती वाटते रे एकट्याला. श्वास अडकतो ना, तेव्हा लहान पोरासारखी भीती वाटते. तुला सांगायची लाज वाटते म्हणून भिंतीला सांगतोय. मी एखाद्या सकाळी उठलो नाही तर तुम्ही चहाला वाट बघत बसाल. बसा! झोप तरी झाली असेल तुमची!"

इथे उबळ आली. चांगली मोठी आली, कमरेत वाकवणारी. खिडकीची चौकट धरून ते खोकत राहिले, डोळ्यांत पाणी आलं, आणि पलीकडून कोणी आलं नाही.

ती संपल्यावर त्यांनी तोंड पुसलं, जाऊन दार उघडलं आणि पोरग्याच्या दारावर टकटक केली.

"काय ऐकलंस?"

"काही नाही बाबा." पोरग्याच्या चेहऱ्यावर खरंखुरं आश्चर्य होतं. "काहीसुद्धा नाही. तुम्ही बोललात का?"

"बोललो की."

"काय म्हणालात?"

"एक, दोन, तीन."

पोरग्याने त्यांच्याकडे बघितलं. त्यांचे डोळे लाल, शर्टाची बाही ओली. मग म्हणाला, "आता मी बोलतो. तुम्ही ऐका."

"कशाला?"

"दोन्हीकडून तपासायला नको का?"

बरोबर होतं त्याचं. कापूसवाले परत आपल्या खोलीत आले, दार लावलं आणि भिंतीला कान लावला. बोर्ड गार होता. घरात तेवढी एकच भिंत गार होती. ते श्वास धरून ऐकत राहिले. पोरगा पलीकडे आहे, बोलतोय, एवढं ठाऊक होतं. शब्द नाही, कुजबुज नाही, पावलाचा आवाजही नाही. इतकी चांगली भिंत त्यांनी उभ्या जन्मात केली नव्हती. ते ऐकत राहिले आणि वेळ जात राहिला. पोरगा येईना. एवढा वेळ हा काय बोलतोय? त्यांनी दुसरा कान लावून बघितला. भिंतीवर तळहात ठेवला, काही थरथर लागते का म्हणून. नाही लागली.

बऱ्याच वेळाने दार वाजलं. पोरगा उंबऱ्यात उभा होता. नाक लाल, आवाज घोगरा. लहानपणी मार खाऊन आल्यावर दिसायचा तसाच दिसत होता.

"ऐकू आलं का काही?" त्याने विचारलं.

"नाही."

"काहीच नाही?"

"काही नाही रे. काय म्हणालास?"

खालून सुतार ओरडला की तो निघालाय, घराला कुलूप कोण लावणार? पोरगा जिन्याकडे वळला.

"मीपण मोजतच होतो, बाबा," तो म्हणाला. "एक, दोन, तीन."